गाडीच्या आधी मेकॅनिक बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी राहायला जाणाऱ्यांनी कुठली गाडी घ्यावी यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगलाच आहे, पण निम्मी जागा सनरूफ आणि टचस्क्रीननेच खाल्लीये, आणि ज्यांना डांबर संपल्यावर पुढे अजून पन्नास-साठ किलोमीटर जायचं असतं त्यांच्या कामाचं त्यात काहीच नाही, म्हणून हे लिहितोय. मी नोकरीपायी नऊ वर्षं अशाच रस्त्यांवर काढलीत.

तिकडे पोचल्या पोचल्या मी एक चकचकीत गाडी घेतली. मागे ऑल व्हील ड्राइव्ह लिहिलेलं, म्हटलं झालं काम. चार महिन्यांत एका दगडाला खालून घासली आणि चेंबर फुटला, सगळं ऑइल मातीत. मला ओढून नेलं ते एका जुन्या हायलक्सने (टोयोटाची पिकअप), तिचं एक दार तारेने बांधलेलं, मागचे पाटे गंजून लाल झालेले, पण चालत होती ना! माझ्या गाडीचा पार्ट यायला पाच आठवडे लागले, आणि तोपर्यंत मी त्याच हायलक्सच्या मागच्या हौद्यात बसून ऑफिसला जायचो.

तेव्हा डोक्यात बसलं की आपल्याला कुठली गाडी आवडते हा प्रश्नच नाही, त्या भागातल्या शेवटच्या गावातला मेकॅनिक कुठली गाडी डोळे झाकून खोलतो ते बघायचं. हायलक्स १९६८ पासून येतेय, टोयोटाच्याच लँड क्रूझर जीपची ७० सीरिज १९८४ पासून, आणि जिथे अशा गाड्या भरपूर फिरतात तिथे त्यांचे जुने-नवे पार्ट कुठेतरी मिळूनच जातात. दोघांचाच संसार असेल तर सुझुकीची छोटी जिम्नी पण वाईट नाही, २१० मिमी क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर) आहे, चढावर-चिखलात हळू पण जोराने ओढणारा लो गिअर आहे, फक्त सामान कुठे ठेवणार ते आधी ठरवा. आणि क्लिअरन्स बघताना कागदावरचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो हे विसरू नका, चार माणसं आणि पाण्याचे कॅन भरले की गाडी बसते.

डिझेल घ्यायचं तर आधी तिथल्या पंपावर कसलं डिझेल मिळतं ते विचारा. नवीन इंजिनांना कमी सल्फरवालं लागतं, जास्त सल्फरचं टाकत राहिलात की सायलेन्सरमधला फिल्टर चोंदतो आणि गाडी चढावर दमेकऱ्यासारखी वागायला लागते (हा अनुभव पण त्याच चकचकीत गाडीचा, दुसरा कुणाचा नाही).

टायरबद्दल लोक बोलतच नाहीत. १९ इंची अलॉय फोटोत छान दिसतात, पण २३५/५० आर १९ मध्ये रबराची उंची ११७ मिमीच्या आसपास आणि २६५/७० आर १६ मध्ये १८५, खड्ड्यात आपटल्यावर हा फरक रिमला कळतो आणि मग आपल्या खिशाला. लोखंडी रिम वाकली तर हातोडीने ठोकून निदान घरापर्यंत येता येतं.

अजून एक, स्टिअरिंग त्या देशाच्या बाजूचंच घ्या. स्वस्त पडते म्हणून दुसऱ्या बाजूची इम्पोर्टेड घेतली तर धुळीत ट्रक ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसत नाही, माझ्या मित्राने घेतली होती आणि त्याची बायको शेजारून "काढा, काढा... नको नको थांबा" असं दोन वर्षं ओरडत होती. काही देशांत अशा गाडीचं रजिस्ट्रेशनच होत नाही, ते वेगळंच.

पुढच्या लेखात एवढं तरी छापा की पैसे देण्याआधी वाकून गाडीखाली बघा, स्टेपनी पूर्ण साइजची आहे का ते. ती पातळवाली असेल तर तिच्यावरच ८० ची मर्यादा लिहिलेली असते, आणि ती पण चांगल्या रस्त्यावरची.

आपला,
एक वाचक