बाथरूममध्ये माणूस असताना दिवा घालवणाऱ्या सेन्सरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'माणसाची उपस्थिती ओळखणारा' म्हणून विकलेला सेन्सर परत घेण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचे तीन सेन्सर आम्ही दीड महिन्यापूर्वी घेतले. जिन्यातल्या सेन्सरबद्दल काही म्हणणं नाही, तो चोख चालतो. बाथरूम आणि पॅसेजमधल्या दोघांनी मात्र वैताग आणला आहे.

माझे वडील 78 वर्षांचे आहेत. काचेच्या पार्टिशनच्या आत स्टुलावर बसून सावकाश अंघोळ करतात. सेन्सर पार्टिशनच्या बाहेर, छताला आहे. पहिल्याच दिवशी अंगाला साबण लावलेला असताना दिवा गेला. हेल्पलाइनला फोन केला, तर उत्तर मिळालं, "हात हलवायला सांगा." वडिलांनी बस थांबवावी तसा हात हलवून पाहिला. दिवा काही लागला नाही. शेवटी मी दार ढकलून आत गेलो तेव्हा लागला, म्हणजे वडिलांची अंघोळ व्हायची तर मी येरझाऱ्या घालायच्या!

आपला तंत्रज्ञ येऊन गेला. आत साधा पीआयआर सेन्सर आहे, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पीआयआर अंगाच्या उष्णतेतून निघणारे अवरक्त किरण टिपतो, तेही त्यात बदल झाला तरच. स्थिर बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. शिवाय हे किरण साध्या काचेतून आरपार जात नाहीत. मग काचेच्या आडून हात हलवून काय उपयोग होता? दिवा चालू राहण्याची वेळ वाढवून 10 मिनिटं केली, त्यापुढे ती जात नाही. वडिलांना वीस मिनिटं लागतात. आणि कोणी नुसते हात धुऊन गेलं, तरी दिवा दहा मिनिटं जळत राहतो. वीज वाचवायला घेतलेली ही वस्तू!

पॅसेजमधला सेन्सर आपल्या माहितीपत्रकातलं चित्र पाहून समोरच्या टोकाच्या भिंतीवर लावला. रात्री आई वॉकर घेऊन हळूहळू सरळ त्याच्याच दिशेने येते आणि दिवा लागतो तो ती जवळजवळ पोचल्यावर. वैतागून एका रात्री मी तो दुहेरी चिकटपट्टीने बाजूच्या भिंतीवर लावून पाहिला. आईच्या पहिल्या दोन पावलांतच दिवा लागला. पीआयआरला समोरून चालून येणारा माणूस उशिरा कळतो, आडवा जाणारा चटकन कळतो. हे माहितीपत्रकात एका ओळीत लिहिता आलं असतं. चित्र मात्र नेमकं उलटं छापलं आहे.

बाथरूमचा सेन्सर परत घेऊन त्याचे पूर्ण पैसे द्यावेत. बदली म्हणून रडारचा देणार असाल, तर श्वासाने होणारी छातीची हालचालही टिपणारा द्या आणि तो काचेच्या आत बसलेला माणूस ओळखतो हे आमच्या घरी बसवून दाखवा. पॅसेजमधला मी ठेवतो आहे, पण माहितीपत्रकातलं चित्र बदला. खोक्यावरचा 'उपस्थिती' हा शब्दही काढा. हा सेन्सर हालचाल ओळखतो, तेवढंच लिहा.

पावती, खोक्याचा फोटो आणि दिवा जातानाचा व्हिडिओ (बंद दाराबाहेरून, फटीतला उजेड दिसेल असा) सोबत जोडला आहे. बाथरूममध्ये सध्या वायरमनकडून जुनं बटण पुन्हा जोडून घेतलं आहे. सेन्सर खोक्यात भरून ठेवला आहे, माणूस कधी पाठवता ते पंधरा दिवसांत लेखी कळवावं.

आपला,
एक ग्राहक