मुक्ता, फॉरमॅट मारण्याआधी हे वाच

सांगली,
रविवार

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर म्हणालीस, "आई, वायफाय कनेक्टेड दाखवतंय, फोनवर नेट चालतंय आणि लॅपटॉपवर एकही पान उघडत नाही. उद्या सरळ फॉरमॅट मारते." उशीर झाला होता, तुझा आवाजही रडवेला झाला होता, म्हणून मी जास्त ताणलं नाही. पण फॉरमॅट मारू नकोस. त्यावर तुझं प्रोजेक्ट आहे, हे एक. दुसरं म्हणजे बिघाड लॅपटॉपमध्ये नसलाच, तर नवी लिनक्स मिंट सिस्टिम टाकून तू परत याच जागी येशील आणि मधला दिवस फुकट जाईल.

लिनक्सचं मला फार आवडतं ते हे, की कुठे अडलंय ते लपवून ठेवत नाही. फक्त क्रमाने विचारावं लागतं. आधी जवळचं, मग लांबचं: लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड, त्याला मिळालेला पत्ता, राउटर, बाहेरचं इंटरनेट आणि शेवटी साइटचं नाव. यातली एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही. लॅबमध्ये मुलांना मी हेच सांगते आणि तुला तर जास्तच कळकळीने सांगतेय, कारण तिथे तुझ्या शेजारी बसायला मी नाही.

कमांड मी देवनागरीत लिहितेय, तू टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाक.

पण त्याआधी फोनच बघ. "फोनवर चालतंय" हे पक्कं आहे का? वायफायला नेट नसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं वायफाय ठणठणीत आहे. मोबाइल डेटा बंद कर आणि मग बघ. आणि फोन कुठल्या वायफायवर आहे, हॉलमधल्या मालकीणबाईंच्या की तुमच्या खोलीतल्या, तेही बघ. हे मी का विचारतेय ते पुढे येईल.

आता लॅपटॉप. 'आयपी ए' एवढंच टाक. तीन-चार परिच्छेद येतील. 'एलओ' म्हणजे लॅपटॉपचा स्वतःशीच बोलायचा मार्ग, तो सोडून दे. 'ईएन'ने सुरू होणारं नाव केबलच्या पोर्टचं, 'डब्ल्यूएल'ने सुरू होणारं वायफायचं. 'डब्ल्यूएल'वालं नावच दिसलं नसतं, तर कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा, प्रश्न असता. दिसतंय पण वायफाय सुरूच होत नाही असं असतं, तर 'आरएफकिल लिस्ट' टाकून बघायचं की बटणाने बंद आहे की सॉफ्टवेअरने. तुझं कनेक्ट होतंय, म्हणजे ही पायरी झाली. पुढेमागे लागलं तर म्हणून एक लक्षात ठेव: वायफाय कार्डाला ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर उतरवायला नेट नाही, अशी कोंडी झाली, तर फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं. लिनक्स त्याला केबलचं नेट समजून लगेच घेतं.

'डब्ल्यूएल'च्या खाली 'इनेट' शब्दाने सुरू होणारी ओळ शोध. तिथे १९२.१६८.१.२३ असं काहीतरी असेल. हा तुझ्या लॅपटॉपचा घरातला पत्ता. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ हे आकडे १९९४ साली खासगी वापरासाठी राखून ठेवले, म्हणून जगातल्या लाखो घरांत तेच ते पत्ते चालतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. 'इनेट'ची ओळच नसेल, नुसता 'एफई८०'ने सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल, किंवा १६९.२५४ने सुरू होणारा असेल, तर राउटरने पत्ता दिलाच नाही असं समज. लॅपटॉप जोडला गेल्यावर ओरडून विचारतो, "कुणी पत्ता देतं का?" राउटर म्हणतो, "हा घे." लॅपटॉप म्हणतो, "हाच घेऊ ना?" राउटर म्हणतो, "घे." या चार वाक्यांना डीएचसीपी म्हणतात. यात ओळख विचारायची पद्धत नाही. जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकायचं.

म्हणूनच पत्ता नुसता आहे का एवढं बघून भागत नाही, कुणी दिला तेही बघायचं. आमच्या लॅबमध्ये एकदा प्रॅक्टिकलच्या दिवशी अख्खी रांग बंद पडली. सगळ्या मशीनवर 'कनेक्टेड', पण नेट नाही. मुलं केबली काढून परत लावत होती, दोघांनी मशीन रीस्टार्ट केली. मी नुसतं 'आयपी ए' बघितलं. आमच्या लॅबचे पत्ते १०ने सुरू होतात आणि त्या रांगेत १९२.१६८.० आलं होतं. म्हणजे कुणीतरी तिसराच पत्ते वाटत होता. केबल धरत धरत गेले, तर मागच्या टेबलाखाली कुणीतरी घरचा राउटर आणून स्विचला, म्हणजे लॅबच्या केबली जिथे जोडतात त्या पेटीला, लावलेला. त्याची केबल काढली, मशीनना पुन्हा पत्ता मागायला लावला, प्रॅक्टिकल सुरू.

आता तुझ्या खोलीकडे. गेल्या महिन्यात तूच सांगितलंस की हॉलमधलं वायफाय तुमच्या खोलीत पोचत नाही, म्हणून रूममेटने तिच्या घरचा जुना राउटर आणलाय आणि हॉलमधून केबल ओढून त्याला लावलीय. माझा संशय तिथेच आहे. दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर पंचाईत होते. खोलीतल्या राउटरला पुढून, म्हणजे हॉलकडून, १९२.१६८.१चं नेटवर्क दिसतं आणि मागून, म्हणजे तुझ्याकडून, तेच दिसतं. एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असल्यासारखं. कुठलं पार्सल कुठे टाकायचं ते त्याला ठरवता येत नाही. काही नवे राउटर हे ओळखून आपला आकडा आपणच बदलतात, पण जुने बदलत नाहीत.

हे तपासायला पिंग वापर. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून ओ येते का ते बघणं. 'पिंग' लिहून पुढे राउटरचा पत्ता. लिनक्समधलं पिंग आपण थांबवेपर्यंत चालूच राहतं, कंट्रोल आणि सी दाबून थांबव. हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लिहिला, तोही नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून. लिहून झाल्यावर कळलं की त्याला लागणारी सोय कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, नाही, तर तीही त्यांनी लिहिली आणि उजाडायच्या आत पिंग चालू केलं. तोवर त्यांच्या सहकाऱ्याने नेटवर्कमधला मूळ बिघाड दुरुस्तही केला होता, पण पिंग जगाला मिळालं. आज तू तेच वापरणार आहेस.

आधी 'आयपी आर' टाक. 'डिफॉल्ट व्हाया' पुढचा आकडा म्हणजे राउटरचा पत्ता. त्याला पिंग कर. '६४ बाइट्स फ्रॉम' अशा ओळी आल्या, शेवटी वेळ दोन-चार मिलिसेकंद, तर राउटरपर्यंत रस्ता मोकळा. मग पिंग ८.८.८.८, हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडा सांगणारा, घराबाहेरचा. पहिला पिंग लागतो, दुसरा लागत नाही, असं झालं तर माझा संशय बराचसा खरा. उत्तर देणारा १९२.१६८.१.१ हा खोलीतला राउटर आहे आणि पुढे त्याला वाट सापडत नाही. खात्री हवी तर 'आयपी नेबर' टाक. राउटरच्या पत्त्यापुढे कोलनने तोडलेले अंक-अक्षरांचे सहा जोड येतील. तो त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक. राउटर उलटा करून तळाचं स्टिकर वाच आणि ताडून बघ. शेवटचा एखादा अंक पुढेमागे असू शकतो, कारण एकाच राउटरच्या केबलला आणि वायफायला वेगळे मॅक असतात, पण सुरुवातीचे तीन जोड कंपनीचे असतात, त्यावरून कुठला राउटर ते कळतं.

पिंग लागलं नाही तर काय लिहून येतं तेही नीट वाच, कारण प्रत्येक वाक्याचा अर्थ वेगळा आहे. 'नेटवर्क इज अनरीचेबल' म्हणजे लॅपटॉपला बाहेरचा रस्ताच माहीत नाही, 'डिफॉल्ट'ची ओळ गायब असेल. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आणि पुढे तुझाच पत्ता असेल, तर त्या आकड्याचं घरात कुणी हाक दिल्यावर ओ देत नाही. काहीच न येता कर्सर नुसता लुकलुकत राहिला, तर निरोप जातोय पण परत येत नाही.

उपाय सोपा आहे. हॉलची केबल काढ, रूममेटच्या राउटरला लॅपटॉप जोड, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघड, 'लॅन', म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ कर आणि सेव्ह कर. राउटर परत सुरू होईल. मग केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या, पोर्टात लाव, बहुतेक राउटरवर तो वेगळ्या रंगाचा असतो. लॅपटॉपचं वायफाय बंद-चालू कर. नवा पत्ता १९२.१६८.२ने सुरू झाला की झालं. हे तिला विचारून, तिला शेजारी बसवून कर. राउटर तिचा आहे आणि तिलाही कळू दे काय बदललं ते.

समजा ८.८.८.८ला पिंग लागतं, पण साइट नावाने उघडत नाही आणि 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' येतं. मग रस्ता चांगला आहे, फक्त नावावरून आकडा सांगणारा डीएनएस गप्प आहे. कुणी सांगेल, डीएनएसचा पत्ता असलेली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल बदल. बदलू नकोस. तिथे १२७.०.०.५३ दिसेल, तो बिघाड नाही, तुझ्याच मशीनवरचा मधला निरोप्या आहे, आणि हाताने लिहिलेलं पुसलं जातं. त्याऐवजी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, आयपीव्ही४च्या टॅबमध्ये, डीएनएस स्वतः भर: १.१.१.१ आणि ८.८.८.८.

आणि हे चुकवू नकोस: लॅपटॉपचं घड्याळ बघ. तो बाबांच्या कपाटात बराच काळ पडून होता, आतला नाण्याएवढा सेल संपला असेल. तारीख जुनी झाली की ब्राउझर सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं नाकारतो आणि पिंग चालूनही एकही पान उघडत नाही. तारीख दुरुस्त कर, आणि रोज मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदलून घे, स्वस्त असतो. काही लॅपटॉपमध्ये तो वायर लावलेला असतो, म्हणून दुकानदाराकडूनच बदल.

कुठेच काही सापडलं नाही, तर दोन खिडक्या उघड. एकीत 'जर्नलसीटीएल' पुढे स्पेस, वजा चिन्ह आणि एफ. ही सिस्टिमची नोंदवही, नव्या नोंदी येतील तशा दाखवते. दुसरीकडून वायफाय बंद करून चालू कर आणि पहिलीत धावणाऱ्या ओळी बघ. नेटवर्क जोडणारा प्रोग्राम, नेटवर्क मॅनेजर, पायऱ्यांची नावं लिहीत जातो. 'नीड-ऑथ'वर घुटमळला तर पासवर्ड, 'आयपी-कॉन्फिग'वर अडून राहिला तर पत्ता मिळत नाहीये. त्या ओळींचा फोटो मला पाठव, मी वाचून सांगेन.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. हॉलमधल्या राउटरच्या मागे पिनने दाबायचं छोटं भोक असतं, त्याला हात लावायचा नाही. प्लग काढून पुन्हा लावला तर चालेल, पण ते भोक दाबलं की नेटवाल्याने भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसलं जाऊ शकतं आणि अख्ख्या घराचं नेट जातं. मालकीणबाई चांगल्या आहेत, त्यांना तुझ्यामुळे नेटवाल्याच्या मागे धावावं लागू नये. दुसरं, कुठून तरी सापडलेली 'सूडो'ने, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार देणाऱ्या शब्दाने, सुरू होणारी ओळ न समजता चिकटवायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल, ती वहीत लिही, आणि फरक पडला नाही तर पूर्ववत कर. नाहीतर संध्याकाळपर्यंत मूळचा बिघाड एक आणि आपण केलेले चार अशी गुंतागुंत होते. मग फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही असं वाटायला लागतं, आणि ते मला तुझ्याबाबतीत नको आहे. तुला यातलं सगळं जमेल. दहावीत तू घरातल्या मिक्सरची वायर शोधून दिली होतीस, ती याच पद्धतीने, प्लगपासून सुरुवात करून.

प्रोजेक्टची फाइल आज पेनड्राइव्हवर घे, नेट चालू असो वा नसो. मग 'आयपी ए', 'आयपी आर' आणि दोन्ही पिंग, यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाक. उद्या साडेपाचनंतर मी लॅबमधून मोकळी असते, तेव्हा फोन कर. रूममेटलाही बोलाव आणि फोन स्पीकरवर ठेव, तिचा राउटर आपण तिघी मिळून बदलू.

जेवणाच्या वेळा सांभाळ. बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई