सुमे, सायकल विकायची नाही

चोपडा,
१८ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. घरात सगळ्यांचे कान टवकारलेले असतात, आणि तू अर्ध्यातच ‘डॉक्टर काय म्हणाले?’ विचारतेस. म्हणून लिहिते. आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. माझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसचं, त्या नसा कुरतडणाऱ्या आजाराचं, म्हणशील तर एमआरआयमध्ये नवा डाग नाही. झालं तब्येतीचं.

आता मुद्द्याचं. दसऱ्यानंतर एका रविवारी आपल्या नेहमीच्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने पहाटे सायकलने यावलकडे निघाले. जाताना केळीच्या बागांचा गारवा होता, पाय मस्त चालत होते. परतताना ऊन चढलं. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन तू पुण्यात विसरली असशील. अडावदच्या अलीकडे डाव्या डोळ्यापुढे धूर आला. मग डावा चवडा उचलेना. उतरून चालायला लागले तर बुटाचं टोक डांबरावर घासत होतं. काय होतंय ते मला लगेच कळलं. तुलाही कळलं असेल. उनपदेवच्या गरम कुंडात झालं होतं तेच!

शेजारच्या मळ्यात मोटर चालू होती. एक बाबा धावत आले, “काय जायं व माय? बस आठे सावलीमा.” त्यांनी मला हौदाशी बसवलं. पाइपाखाली डोकं धरलं, मनगटं धरली, पाय पाण्यात सोडले. धूर कडेकडून विरत गेला. आधी हौदाचा काठ दिसला, मग त्यावरचं शेवाळ, मग बाबांच्या सदऱ्याची बटणं. डोळा आला, पण पाय आला नाही.

त्या रात्रीबद्दल तुलाच सांगू शकते. नियम तुला पाठ आहे: उष्णतेने झालेला त्रास अंग गार झालं की ओसरतो, आणि चोवीस तासांहून जास्त टिकला तर नवा अटॅक आहे का ते बघावं लागतं. मी पांघरुणाखाली अंगठा हलवून बघत होते. तो हलतोय की मला फक्त वाटतंय, हेही कळेना. अटॅक असला तर पुन्हा सलाइनमधून स्टिरॉइड, आणि त्यानंतर पाय किती परत येईल ते कुणीच सांगू शकत नाही. सकाळीही पाय तसाच. जळगावला गेलो. डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली, आणि तिथेच सापडलं. इन्फेक्शन! ते अंगात असलं की जुन्या जखमा पुन्हा डोकं वर काढतात, हुबेहूब अटॅकसारख्या. गोळ्यांनी इन्फेक्शन गेलं, पायही आला. स्टिरॉइड लागलं नाही.

पण घरात निकाल लागून गेला होता: सायकलच नडली. नणंदबाईंनी तर गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. हे काहीच बोलत नाहीत, नुसते सायकलच्या खोलीला कुलूप लावतात. त्यांची भीती मला दिसते ग. पण खोलीबरोबर मीच कोंडली जाते त्याचं काय?

डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये पाहिलं, की अशा रुग्णांना श्रम केल्यावर कमी दिसतं. त्याला वाटलं, दोष श्रमांचा. खरा दोष उष्णतेचा आहे, हे नंतर कळलं. उंदराने कुरतडलेल्या वायरीसारखी आपली नस; अंग जरा तापलं, अगदी अर्धा डिग्री, तरी संदेश अडतो. गार झालं की परत जातो, नवी इजा होत नाही. पण कितीतरी वर्षं रुग्णांना ‘पडून राहा’ असंच सांगत होते. १९९६ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या लोकांनी चोपन्न रुग्ण घेतले आणि त्यांतल्या काहींना पंधरा आठवडे हातापायांची सायकल मारायला लावली. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, मनही सुधारलं. सायकलने आजार बरा होतो असं मी म्हणत नाही, त्यासाठी औषध आहे. पण सायकल बंद असली की पाय आखडतो, जिना चढताना दम लागतो, हे मी अंगावर काढलंय.

मागे मी वॉर्डात होते तेव्हा तूही म्हणाली होतीस, “जिवापेक्षा सायकल मोठी का?” मी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मग किती महिने आपण फक्त गुड मॉर्निंगची चित्रं पाठवत होतो! तू चुकली होतीस, आजही म्हणते. पण सुमे, उनपदेवला सायकल कुठे होती? काळीपिवळीने गेलो होतो आपण. मी फक्त त्या गरम कुंडात उतरले, आणि बाहेर आले ती तुझ्या खांद्यावरच. तुझी ओढणी चिखलात, माझी चप्पल कुंडात, आणि भेदरलेल्या असूनही आपण हसत होतो. हाच पाय, हाच डोळा. एमआरआय नव्हतं तेव्हा डॉक्टर रुग्णाला मुद्दाम गरम पाण्यात बसवून हा आजार ओळखायचे म्हणे. आपण ती परीक्षा फुकटात दिली.

जानेवारीत दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, आहे, साडेतेरा तासांत संपवायची. तेव्हा आपल्याकडे चांगली थंडी असते. दुपारसाठी मानेवर बर्फ ठेवीन, पाय घसरायला लागला तर थांबेन. डॉक्टरांनी हो म्हटलंय. भीती मलाही वाटते. एखाद्या दिवशी पाय खरंच परत आला नाही तर? पण तो दिवस कुलपाने टळणार नाही.

तुझं प्रमोशन झाल्याचं आईकडून कळलं, पेढे कुठायत? सोनूला दहावीचं फार टेन्शन देऊ नकोस. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

आणि संक्रांतीला ये. भरीत आणि कळण्याची भाकरी मी करते. ह्यांच्याशी तू बोल. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. त्या दिवशी कुंडाशी तूच होतीस, जे पाहिलंस तेवढंच सांग. बीआरएममध्ये गाडी मागून चालवता येत नाही, फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, भेटता येतं. तिथे बर्फाचा डबा घेऊन उभी राहशील ना? तिकीट काढलंस की कळव.

तुझीच,
मंगल