पूररेषेचा नकाशा मागितला होता, स्कॅन केलेला कागद नव्हे

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

नाशिकमधल्या गोदावरीच्या पूररेषेचा नकाशा पावसाळ्याआधी संकेतस्थळावर येईल, लोकांना त्यात आपलं घर शोधता येईल, असा शब्द आपण दिला होता. आली ती जुन्या नकाशाची पीडीएफ. मोठी केली की अक्षरं फुटतात, आणि रंग उडाल्याने निळी रेषा कुठली, लाल कुठली तेही कळत नाही. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. सराफ बाजारातल्या दुकानदाराला एवढंच हवंय की आपलं दुकान कुठल्या रेषेत येतं. ते या कागदावर सापडत नाही.

काम अवघड नाही. स्कॅन क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा. होळकर पूल, काळाराम मंदिर अशी जागेवरून न हललेली ठिकाणं धरून दहा-बारा बिंदू खऱ्या अक्षांश-रेखांशांशी जुळवायचे. ते कागदभर पसरलेले हवेत; एकाच कोपऱ्यात दिले तर दुसऱ्या टोकाला रेषा अख्खी गल्ली सरकते. मग रेषा गिरवून जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात काढायची. त्यात आधी रेखांश, मग अक्षांश. रामकुंडाचे आकडे साधारण ७३.७९, २०.०१; उलटे भरले की रामकुंड नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. फाइल हलकी करायला रेषेची बारीक वळणं गाळताना ती एक-दोन मीटरपेक्षा जास्त हलू देऊ नये. वीस मीटर हलली तर पुरातलं घर पुराबाहेर दिसेल, आणि त्यावर विसंबून माणसं घरात थांबतील!

पण नुसती रेषा टाकून भागत नाही. धरणातून इतके क्यूसेक सोडले, हे ऐकून पंचवटीतल्या आजींना काय उमगणार? नाशिककर पूर मोजतो तो नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, बुडाला. नकाशाने तीच भाषा बोलावी. पान खाली सरकवत जावं तसं आधी गंगापूर धरण दिसावं, मग होळकर पूल, मग अगदी जवळून, १७ च्या झूमवर, मारुती आणि शेवटी सराफ बाजार. एका टप्प्याला एकच थर, दोन ओळी मजकूर. २००८, २०१६, २०१९ चे पूर पट्टी सरकवून एकावर एक पाहता यावेत. नकाशावरची नावं लीफलेट या वेब-नकाशाच्या साधनात एचटीएमएलमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून, दिली की ब्राउझर जोडाक्षरं नीट जुळवतो. चित्रातच छापलेली नावं मोबाइलवर वाचता येत नाहीत. आणि खालचा, रस्ते-घरं दाखवणारा पायाभूत नकाशा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा सर्व्हर देणग्यांवर चालतो, सिंहस्थाची गर्दी त्याच्यावर लोटू नका.

ही सगळी साधनं फुकट आहेत. मग अडतंय कुठे? सर्वेक्षण आमच्या पैशातून होतं, निविदा आमच्या पैशातून निघते, आणि मूळ फाइल मागितली की माहिती अधिकारात छापील कागद हातात पडतो. रेषा उघड झाली की निळ्या रेषेच्या आत कुणाकुणाची बांधकामं उभी आहेत, हे शाळकरी पोरगंही दाखवेल. भीती त्याचीच आहे, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. रस्ता असो, नाला असो, झाडांची मोजणी असो, प्रत्येक खात्यात हेच चालतं.

२००३ च्या सिंहस्थात याच शहरात चेंगराचेंगरीत माणसं गेली. आता पुढचा सिंहस्थ दारात आहे. दोन्ही पूररेषांची जिओजेसन फाइल, सर्वेक्षणाची तारीख आणि ते करणाऱ्या यंत्रणेचं नाव, एवढं आठ दिवसांत संकेतस्थळावर टाका. नकाशा शहरातली मुलं बनवतील.

आपला,
गोदाकाठचा एक नाशिककर