शार्प म्हणजे तीव्र नव्हे

ठाणे, रविवार

प्रिय मिलिंद,

नेरूळच्या वाद्यवृंदाकडून मिळालेल्या स्वरलिपीच्या कागदावर सुरुवातीलाच दोन शार्प (स्वर एक पट्टी वर चढवायची खूण) पाहून तू विचारलंस, "दोन तीव्र स्वर, म्हणजे राग कोणता?" अरे, कोणताच नाही! तो आपला सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावलच, फक्त षड्ज, म्हणजे सा, पांढरी दोनवर गेलाय.

पेटीवर पांढरी एकचा सा धर. पांढरी एक म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, इंग्रजी नाव सी; पुढच्या पांढऱ्या डी, ई, एफ, जी, ए, बी. बिलावलच्या स्वरांमधली अंतरं काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोज: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. हेच मेजर स्केल. आता पांढरी दोनवरून तेच मोज. ग पडेल काळी तीनवर, नि काळी एकवर. त्यांची नावं एफ शार्प आणि सी शार्प, पण गळ्याला ते शुद्ध ग आणि शुद्ध नि. की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या या खुणा, फक्त इतकंच सांगते की शुद्ध स्वर काळ्यांवर कुठे पडलेत. शार्पला तीव्र आणि फ्लॅटला (स्वर एक पट्टी खाली उतरवायची खूण) कोमल म्हणायची सवय आधी सोड, सगळा घोळ तिथूनच होतो.

सा पंचमावर नेला की एक शार्प वाढतो, आणि तो नवा शार्प नेहमी नि असतो. पांढरी पाचला एक, पांढरी दोनला दोन, पांढरी सहाला तीन. त्यामुळे शेवटचा शार्प बघ, त्याच्या पुढचीच पट्टी सा. लिहिण्याचा क्रम कायमचा ठरलेला: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. फ्लॅट बरोबर उलटे येतात आणि तिथे नवा फ्लॅट म असतो. दोन किंवा जास्त फ्लॅट असले तर शेवटून दुसरा फ्लॅट हाच सा. एकच असेल तर पांढरी चार, हे पाठच कर.

सा काळी पाचवर असला तर तिला ए शार्प का म्हणत नाहीत? सप्तकात सातही अक्षरं एकेकदाच यायला हवीत. बी फ्लॅट म्हटलं की दोन फ्लॅटमध्ये काम होतं. ए शार्प म्हटलंस तर दहा शार्प मोजावे लागतील, त्यातले तीन स्वर डबल शार्प, म्हणजे दोन-दोन पट्ट्या चढवलेले. कोण वाजवणार?

सिग्नेचर सगळ्या सप्तकांना लागू, बदलेपर्यंत. मध्येच आलेला शार्प मात्र त्या मात्राखंडापुरता (दोन उभ्या रेघांमधल्या भागापुरता) आणि त्याच सप्तकापुरता. कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण चालू ठेवून कागद वाचू नकोस. बोटं बरोबर पडतील आणि आवाज भलत्याच पट्टीत निघेल.

एक पेच उरतो. त्याच दोन शार्पमध्ये बी मायनर, म्हणजे बी हा सा धरलेलं मायनर स्केलही बसतं. शेवटचा बेस (सर्वात खालचा) स्वर बघ: डी असेल तर मेजर, बी असेल तर मायनर. शिवाय मध्येमध्ये ए शार्प डोकावत असेल तर मायनरच समज.

तिसऱ्या पानावर चार फ्लॅट आहेत म्हणालास. पुढच्या रविवारी ठाण्याची लोकल पकडण्याआधी त्याचा सा काढून ठेव, मी पेटी त्याच पट्टीत लावून बसतो.

तुझा,
अविनाश