मॅपवरचा तो ठिपका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात माझे इअरबड्स हरवले, चार्जिंग आधीच संपलेलं, अ‍ॅप उघडलं तर ठिपका ठाणे स्टेशनात, मग काय, ऑफिस सुटल्यावर मी येडा तासभर प्लॅटफॉर्मवर बाकड्यांखाली वाकून बघत फिरलो, लोक माझ्याकडे बघतायत ते वेगळंच. घरी आल्यावर भाची म्हणाली, मामा, तो ठिपका म्हणजे फोनशी ब्लूटूथ शेवटचं जोडलेलं होतं ती जागा, बड्स आत्ता कुठेयत ते नाही. बॅटरी गेली की सिग्नलच बंद, मग आवाज वाजवायचं बटण कितीही दाबा. अ‍ॅपलच्या २०२२ च्या एअरपॉड्स प्रो इअरबड्सच्या केसला, म्हणजे चार्जिंगच्या डबीला, स्वतःचा स्पीकर आहे म्हणे, पण ती केस तरी चार्ज असायला हवी ना, आणि आमच्या हजार-बाराशेवाल्यांना ते कुठलं! कंपनीवाल्यांनो, खोक्यावर 'हरवले तरी शोधा' असं मोठ्या अक्षरात छापता ना, मग त्याच्याच खाली 'चालू असतील तरच' हेही छापा की राव.

बड्स सापडले रेनकोटच्या खिशात, बायकोने तो वाळत घालायला झटकला तेव्हा.

– एक वाचक, डोंबिवली