वॉटर कूलिंगच्या नावाखाली पोरांना जास्तीचा खर्च

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली इंदुरात गेमिंग नाहीतर व्हिडिओ एडिटिंगसाठी मोठा पीसी बांधून घेणारी पोरं बरीच झालीत, सुदामानगर, राजेंद्रनगरच्या आपल्या मराठी घरांतही असे पीसी दिसायला लागलेत, आणि त्यात पाण्याची कूलिंग बसवायची म्हटलं की दुकानात एक गोष्ट हमखास ऐकवतात, म्हणून हे पत्र. सांगतात काय, तर ग्राफिक कार्डातून निघालेलं पाणी गरम असतं, ते तसंच प्रोसेसरकडे गेलं तर प्रोसेसर तापणार, तेव्हा मध्ये अजून एक रेडिएटर, म्हणजे पंख्याच्या हवेने पाणी गार करणारी जाळी, घ्याच. माझ्या पुतण्याच्या गळ्यात असाच दुसरा रेडिएटर, जास्तीची फिटिंग आणि हातभर नळी मारली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा समज एकाच दुकानात आहे असं नाही.

अहो हा तर शाळेतल्या फिजिक्सचा हिशोब आहे. एक किलो पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण 4200 ज्यूल लागतात. पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवत असेल आणि कार्ड 400 वॅट उष्णता सोडत असेल, तर कार्डात शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी यात फरक पडतो जेमतेम दीड डिग्रीचा. लूपमध्ये, म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर अशा पाण्याच्या बंद फेऱ्यात, पाणी असतं लिटरभर, म्हणजे तेच पाणी मिनिटाला तीन-चार चकरा मारतं, त्यामुळे मशीन थोडा वेळ चाललं की सगळीकडचं तापमान जवळपास सारखंच होऊन बसतं. मग आधी कार्ड की आधी प्रोसेसर याने काय होणार? दुसऱ्या रेडिएटरचा फायदा आहे, नाही असं नाही, पंखे हळू आणि कमी आवाजात चालतात, पण तो फायदा वाढलेल्या पृष्ठभागाचा आहे, तो लूपमध्ये कुठेही बसवा, जिथे नळी कमीत कमी लागेल आणि मुरडणार नाही तिथे.

जिथे क्रम खरंच पाळायला पाहिजे तिथे मात्र कोणी बघत नाही याचा मला राग येतो. टाकी पंपाच्या लगेच आधी आणि पंपापेक्षा वर हवी, म्हणजे पाणी आपल्या वजनाने पंपात उतरतं. या पंपांचं बेअरिंग त्याच पाण्यावर चालतं, कोरडं फिरलं की गेलं. पुतण्याच्या मशीनमध्ये टाकी आणि पंप यांच्या मधोमध रेडिएटर घातलेला, चालू केलं की पंपातून खरखर आवाज, पारदर्शक नळीत पांढऱ्या बुडबुड्यांची माळ आणि नळीला बोट लावलं तर आतली थरथर जाणवायची. नळ्या बदलून टाकी थेट पंपाला जोडली, पीसीची केस, म्हणजे बाहेरचा डबा, इकडून तिकडून कलती करून हवा काढली, आवाज बंद. एक पैसा लागला नाही.

दुसरं, प्रोसेसरवर जो ब्लॉक, म्हणजे आतून पाणी जाणारा धातूचा ठोकळा बसवतात, त्याला इन आणि आऊट असतं. आत पाणी बारीक फटीतून मधल्या पात्यांवर पडून दोन्हीकडे पसरेल अशी रचना असते, ती उलटी जोडली तर तापमान काही डिग्री वाढू शकतं. कार्डाचे ब्लॉक बहुतेक दोन्हीकडून चालतात आणि रेडिएटरलाही सहसा दिशा नसते. जे तयार सीलबंद कूलर येतात त्यांत वर्षं गेली की थोडी हवा साचते, म्हणून रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर राहील असंच लावायचं.

आणि आपल्याकडच्या मे महिन्याचं काय? बाहेर 42 डिग्री, खोलीत 35, तर पाणी 35 च्या खाली येणारच नाही, रेडिएटर कितीही लावा. तेव्हा रेडिएटरला केसच्या आतली तापलेली हवा मिळतेय की खोलीतली, हे बघण्याने क्रमापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. त्यात नळाचं नर्मदेचं पाणी तर अजिबात घालू नका, प्यायला उत्तम, पण त्यातले क्षार ब्लॉकच्या केसासारख्या बारीक खाचांत बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि शेवाळ धरू न देणारं औषध, किंवा तयार कूलंट घ्या. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्तात मिळाला तरी नको, दोन धातूंत गंज सुरू होतो.

दुकानदारांकडे माझी मागणी एवढीच आहे की मशीन देण्याआधी मदरबोर्डला (मुख्य सर्किट बोर्डाला) पॉवर न देता नुसता पंप रात्रभर चालवा, प्रत्येक जोडाखाली टिपकागद ठेवा, आणि सकाळी गिऱ्हाईकासमोर तो कागद कोरडा आहे हे दाखवून मगच बिल करा.

आपला,
एक वाचक, इंदूर